दुसऱ्या वेळची शिक्षा, पहिल्या वेळची नोंद

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीतून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून आणि थोडे आटोपते करून ते येथे देत आहे.

"आमच्या यजमानांचे चुलतभाऊ ठाण्याला रिक्षा चालवत असत. तिथे शेजारच्या लहान मुलीच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली आणि ती भोगून ते ३ वर्षांपूर्वी गावी आले. वाडीत सर्वांना ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात नाचत होती, तेव्हा मागच्या पडवीत त्यांनी माझ्या जाऊबाईंच्या १३ वर्षांच्या मुलीच्या अंगाला नको तसा हात लावला. मुलीने आईला सांगितले नाही. मला सांगितले, तेही मे महिन्यात. चौकशी केल्यावर कळले की २ वर्षांपूर्वी वाडीतल्याच दुसऱ्या एका मुलीबाबत असे झाले होते आणि गावकीने दंड घेऊन, देवळात नारळ ठेवायला लावून ते मिटवले होते. जूनपासून हेच गृहस्थ वाडीतल्या मुलांना रिक्षाने हायस्कूलला सोडतात. मानकरी म्हणतात, गणपतीला मुंबईकर आले की बैठक घेऊ आणि घरातल्या घरात मिटवू. पोलिसांत गेलात तर पालखी तुमच्या दारात येणार नाही. त्यात मोबाइलवर असे फिरते आहे की नव्या कायद्याप्रमाणे दुसऱ्यांदा असा गुन्हा करणाऱ्याला फाशीच होते. माणूस वाईट असला, तरी माझ्या एका तक्रारीने घरातल्या माणसाला फाशी झाली तर मी सासूबाईंना काय तोंड दाखवू? त्यांना खरोखर किती शिक्षा होईल? आणि गप्प राहिले तर माझ्यावर काही दोष येतो का?"

ताई,

पत्र वाचताना माझे बोट थांबले ते रिक्षाच्या वाक्यावर, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. गणपतीची बैठक व्हायची तेव्हा होईल. रिक्षा मात्र उद्या सकाळीही वाडीत येणार आहे. तुमच्या घरातली मुले तिच्यात बसणार नाहीत, एवढे आज रात्री कोणालाही कारण न सांगता ठरवता येते. शाळांसह मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कायम वा कंत्राटी कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, असे पॉक्सो कायद्याखालील २०२० चे नियम सांगतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन, मुलांची ने-आण करणाऱ्या सर्व वाहनचालकांची अशी पडताळणी मागता येईल आणि त्यात कोणाचे नाव घालण्याची गरज नाही. तथापि रिक्षा पालकांनी आपापसांत ठरवलेली असेल, तर शाळा हात झटकण्याची शक्यता बरीच आहे आणि मग इतरांच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग पोलीस ठाण्यातूनच जातो.

आता फाशीविषयी. तुम्ही वर्णन केलेल्या कृत्यासाठी तुमच्या चुलत दिरांना फाशी होऊ शकत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराचे मूळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ७१ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आली. कलम ७१ म्हणते की बलात्कार, १६ किंवा १२ वर्षांखालील मुलीवरील बलात्कार, पीडितेचा मृत्यू किंवा कायमची बेशुद्धावस्था ओढवणारा अत्याचार अथवा सामूहिक बलात्कार यांपैकी एखाद्या अपराधासाठी जो पूर्वी दोषी ठरला आहे आणि त्यानंतर याच अपराधांपैकी एखाद्यात पुन्हा दोषी ठरतो, त्याला उर्वरित नैसर्गिक आयुष्यभराचा कारावास किंवा मृत्युदंड द्यावा. म्हणजे पहिला आणि दुसरा असे दोन्ही अपराध त्याच गटातले असावे लागतात. नको तसा हात लावणे हा गंभीर अपराध असला तरी तो या गटात मोडत नाही. शिवाय या गटातही फाशी "होतेच" असे नाही, कारण न्यायाधीशाला दुसरा पर्याय न ठेवणारी सक्तीची फाशी घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच ठरवले आहे.

ही तरतूद तशी नवीही नाही. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि तिने महिन्याभरातच, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल दिला. बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस करण्यास समितीने नकार दिला होता. तरीही सरकारने लगोलग काढलेल्या वटहुकमात आणि पाठोपाठच्या दुरुस्ती कायद्यात पुन्हा अपराध करणाऱ्यासाठी तो आणला आणि दंड संहितेत कलम ३७६ ई दाखल झाले. आजचे कलम ७१ हे त्याचेच पुढचे रूप आहे. त्याचा पहिला वापर आपल्याच राज्यात झाला. मुंबईच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन सामूहिक बलात्कार झाले आणि दोन्हींत तीन आरोपी सामाईक होते. एका खटल्यात मार्च २०१४ मध्ये दोष सिद्ध होऊन शिक्षा झाल्यावर दुसऱ्या खटल्यात ३७६ ई चा दोषारोप वाढवण्यात आला आणि ४ एप्रिल २०१४ रोजी तिघांना फाशी सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ३ जून २०१९ रोजी हे कलम घटनेशी सुसंगत ठरवले, पण २५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच तिघांची फाशी रद्द करून आयुष्यभराची कैद कायम केली. इतक्या गाजलेल्या, दोन-दोन सामूहिक अत्याचारांच्या प्रकरणातही जे टिकले नाही, त्याची धास्ती एका वाडीतल्या काकूने आपल्या पुतणीसाठी तोंड उघडताना बाळगावी, याचे मला वाईट वाटते. कठोर कायदा करताना त्याचा धाक गुन्हेगाराला बसेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा तो तक्रार करणाऱ्याला आधी बसतो, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात त्याप्रमाणे आरोपी बहुतेक वेळा ओळखीतला, नात्यातला असतो आणि त्याच्याविरुद्ध बोलायचे ते त्याच्याच माणसांना. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकातही मृत्युदंडाची व्याप्ती वाढवली होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्याचे मजकूरही अजून "नवा कायदा" म्हणून फिरत असतात.

मग शिक्षा किती? मुलगी १८ वर्षांखालील असल्यामुळे इथे प्रामुख्याने २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, लागू होतो. लैंगिक हेतूने मुलाच्या शरीराला केलेल्या स्पर्शाला त्याचे कलम ७ "लैंगिक हमला" म्हणते आणि कलम ८ प्रमाणे त्याला ३ ते ५ वर्षे कारावास आहे. कपड्यांवरून हात लावला, एवढ्याने काय होते, असे बैठकीत कोणीतरी म्हणेलच. त्वचेचा त्वचेशी संपर्क हवा, असा निकाल नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिलाही होता. पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो रद्द केला आणि महत्त्व हेतूला आहे, असे ठरवले. आता कलम ९ पाहा. काही परिस्थितींत हाच अपराध अधिक गंभीर मानला जातो आणि मग कलम १० प्रमाणे किमान ५ व कमाल ७ वर्षे शिक्षा होते. ५ वर्षांच्या खाली न्यायाधीशांनाही जाता येत नाही. या परिस्थितींपैकी एक अशी की आरोपी पूर्वी पॉक्सोखालील कोणत्याही अपराधासाठी किंवा इतर कोणत्याही कायद्याखालील लैंगिक अपराधासाठी दोषी ठरलेला असावा. ठाण्याची शिक्षा नेमकी कोणत्या कलमाखाली झाली हे तुमच्या पत्रात नाही, पण या शब्दरचनेमुळे त्याने फरक पडत नाही. दुसरी परिस्थिती अशी की आरोपी रक्ताच्या, दत्तकाच्या किंवा लग्नाच्या नात्याने मुलीचा नातेवाईक असावा. ते मुलीच्या वडिलांचे चुलतभाऊ आहेत. म्हणजे ज्या नात्याच्या आधारावर गावकी हे घरातल्या घरात मिटवू पाहते, तेच नाते कायद्याच्या दृष्टीने अपराध वाढवणारे आहे. ठाण्याचा निकाल काही कारणाने न्यायालयापुढे आला नाही, तरी या एका मुद्द्यावर कलम १० उभे राहू शकते.

ठाण्याचा निकाल पुढे यावा यासाठी मात्र तुम्हाला थोडे लक्ष द्यावे लागेल. "पूर्वी दोषी ठरलेला" या शब्दांचा अर्थ वाडीत आणि न्यायालयात वेगळा आहे. वाडीला ठाऊक असते त्याला कायदा दोषसिद्धी मानत नाही. फिर्याद, दोषारोपपत्र, साक्षी आणि निकाल असा प्रवास पुरा झालेलाच प्रसंग मोजला जातो. जो खटला अजून चालू आहे तो मोजत नाहीत, निर्दोष सुटलेला मोजत नाहीत, आणि देवळात नारळ ठेवून मिटवलेला तर मुळात घडलेलाच नसतो. तुमच्या वाडीच्या हिशेबाने ही तिसरी वेळ आहे. न्यायालयाच्या हिशेबाने ती दुसरी असेल, कारण मधल्या मुलीची वेळ गावकीने दंडाच्या पावतीवर संपवली, बहुधा पावतीही न देता. आताचा प्रसंगही तसाच मिटला तर आणखी दोन वर्षांनी जी मुलगी बोलेल तिच्यासाठी हा माणूस पुन्हा एकदाच चुकलेला, तोही फार पूर्वी, दूर ठाण्यात, असा उभा राहील.

फिर्याद देताना ठाण्याच्या खटल्याचे साधारण वर्ष, न्यायालय आणि शिक्षा कोणत्या तुरुंगात भोगली, यांतले जे ठाऊक असेल ते सांगा आणि ते फिर्यादीत उतरले आहे का, हे सहीपूर्वी वाचून पाहा. पुढचे काम तपास अधिकाऱ्याचे आहे. पोलीस ठाणी आता संगणकीय जाळ्याने जोडलेली आहेत आणि २० सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक अपराध्यांची राष्ट्रीय नोंदवहीही सुरू आहे. सुरू झाली तेव्हाच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. पण नोंदवहीतली ओळ हा पुरावा होत नाही. जुन्या निकालाची प्रमाणित नक्कल मागवावी लागते, तो माणूस आणि हा माणूस एकच असल्याचे सिद्ध करावे लागते आणि वाढीव शिक्षेसाठी जुन्या दोषसिद्धीचा तारीख व ठिकाणासह उल्लेख दोषारोपात करावा लागतो. तो राहून गेला तर शिक्षा सुनावण्यापूर्वी केव्हाही घालता येतो, अशी सोय फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ठाणे आणि रत्नागिरी यांच्यातल्या पत्रव्यवहारात ही नक्कल अडकून पडू शकते, म्हणून सरकारी वकिलांना अधूनमधून विचारत राहा. वाढीव शिक्षेचे कलम कितीही कडक असो, एका कागदावाचून ते लंगडे पडते.

दोषारोपात जुनी शिक्षा असली तरी सत्र खटल्यात आधी आताच्या अपराधाचा निर्णय होतो आणि मगच जुन्या दोषसिद्धीचा पुरावा घेतला जातो, असा सर्वसाधारण नियम आहे. तुम्हाला तो अन्यायाचा वाटेल. माणसाने ठाण्यात काय केले हे न्यायाधीशांना पहिल्याच दिवशी का सांगू नये? कारण पूर्वी चोरी केली म्हणजे आजची चोरीही त्यानेच केली, असे ठरत नाही, आणि निर्दोष माणसाला वाचवणारा हा नियम दोषी माणसासाठी मोडता येत नाही. वकिलीच्या वर्षांत मी या नियमाला अनेकदा मनातल्या मनात कंटाळले आहे, पण तो नसावा असे मला कधी वाटले नाही. तुमच्या पुतणीची साक्ष स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी, एवढाच त्याचा अर्थ.

पुन्हा अपराध करणाऱ्याची शिक्षा वाढवणारी कायद्याची ही शिडी सगळीकडे सारखी नाही, हेही सांगायला हवे. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणाऱ्याला किंवा चित्रित करणाऱ्याला पहिल्या वेळी १ ते ३ वर्षे आणि पुढच्या वेळी ३ ते ७ वर्षे शिक्षा आहे. पाठलाग करणाऱ्याला पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि नंतर ५ वर्षांपर्यंत. पण प्रौढ स्त्रीच्या अंगावर हात टाकणाऱ्यासाठी न्याय संहितेचे जे कलम ७४ आहे, त्यात १ ते ५ वर्षांची एकच पायरी आहे. एसटीच्या गर्दीत पाचव्यांदा तेच करणारा कलमाच्या दृष्टीने पहिल्या वेळेसारखाच. फार तर न्यायाधीश शिक्षा ठरवताना त्याचा इतिहास लक्षात घेतील. फाशीची चर्चा दर दोन वर्षांनी होते, या पायरीची कोणी करत नाही. कलम ७१ मध्ये आणखी एक फट आहे. त्यात नव्या संहितेच्याच कलमांचे क्रमांक आहेत, जुन्या दंड संहितेच्या ३७६ चा उल्लेख नाही. २०२४ पूर्वी जुन्या कायद्याने दोषी ठरलेला माणूस "पूर्वी दोषी ठरलेला" धरायचा का, असा वाद बचावाचे वकील घालू शकतात. तुमच्या प्रकरणाला ही फट लागत नाही, कारण पॉक्सोचे शब्द अधिक रुंद आहेत.

आता गावकीच्या बैठकीकडे येते. बैठकीत काहीही ठरले तरी त्याने गुन्हा संपत नाही. शिक्षकाने विद्यार्थिनीला नको तसा स्पर्श केल्याच्या राजस्थानातील एका प्रकरणात मुलीच्या वडिलांनी आरोपीशी समझोता केला आणि उच्च न्यायालयाने खटला रद्दही केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो आदेश बाजूला सारला. असे अपराध दोन घरांमधला खासगी तंटा नसतात, हा त्या निकालाचा गाभा आहे. मुलीचे आईवडीलच जिथे समझोता करू शकत नाहीत, तिथे मानकऱ्यांना तो अधिकार कुठून येणार? उलट पॉक्सोचे कलम १९ प्रत्येक व्यक्तीवर असे बंधन घालते की अशा अपराधाची माहिती असल्यास ती पोलिसांना दिली पाहिजे. न देणाऱ्याला कलम २१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, ताई. मे महिन्यापासून हे बंधन तुमच्यावरही आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्यासारख्या, घुटमळत का होईना पण पुढे येणाऱ्या माणसाला आरोपी करण्यात कोणाला रस नसतो, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम १९ च स्पष्ट सांगते. पण सासूबाईंशी बोलताना याचा आधार घ्या. तुम्ही हौसेने पोलिसांत गेला नाहीत, गप्प राहण्याची मुभाच कायद्याने कोणाला ठेवलेली नाही, हे त्यांना सांगता येईल. बैठकीला पोलीस पाटील येणार असतील तर त्यांनाही हे लागू आहे; मात्र त्यांच्या कानावर घातले म्हणजे कळवले, असे समजू नका. पोलीस ठाण्यातच जा, किंवा ११२ वा बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवा.

शिमग्याला इतके महिने उलटले, आता कोण ऐकणार, ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मनात असणार. या अपराधासाठी कोणतीही मुदत संपलेली नाही. मुलीने उशिरा सांगितले याचे कारण तिने आपल्या शब्दांत सांगावे. मुले असेच सांगतात, आधी विश्वासाच्या माणसाला आणि आपल्या सवडीने, हे न्यायालयांना नवे नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. तिला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. वैद्यकीय तपासणी करायची झाल्यास ती महिला डॉक्टरने, आईच्या किंवा तिच्या विश्वासातल्या व्यक्तीच्या समक्ष करायची असते. न्यायालयात वकिलांचे प्रश्न थेट तिच्याकडे जात नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि साक्ष देताना आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही, याची व्यवस्था करावी लागते. तपास २ महिन्यांत आणि खटला शक्यतो वर्षात पुरा व्हावा असे कायदा म्हणतो. या "शक्यतो"वर फार विसंबू नका. सोबतीला बाल कल्याण समितीकडून साहाय्यक व्यक्ती मिळू शकते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनाशुल्क वकील. चुलत दिरांना जामीन मिळालाच, तर त्यांनी वाडीत येऊ नये आणि मुलांची वाहतूक करू नये, अशा अटी सरकारी वकिलांमार्फत मागता येतात.

पालखी दारात येणार नाही, ही धमकी मी हलकी मानत नाही. ज्या घरापुढे पालखी थांबत नाही त्या घराचे वर्ष कसे जाते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण गावकीने वाळीत टाकण्याच्या, विशेषतः रायगड जिल्ह्यातून आलेल्या तक्रारींमुळेच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य आहे. धार्मिक कार्यात किंवा उत्सवात सहभागी होण्यापासून एखाद्या कुटुंबाला रोखणे हा त्याखाली अपराध असून ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. धमकी कोणी, कधी, कोणासमोर दिली हे वहीत लिहून ठेवा आणि फिर्यादीतही सांगा.

वाडीतले तरुण कदाचित वेगळाच उपाय सुचवतील, त्याचा फोटो गटावर टाकू, नाक्यावर फलक लावू. ते होऊ देऊ नका. लैंगिक अपराध्यांची राष्ट्रीय नोंदवही फक्त पोलीस व तपास यंत्रणांसाठी खुली आहे. अमेरिकेत १९९६ च्या मेगन कायद्यापासून अशा अपराध्यांची माहिती लोकांना दिली जाते, आपल्याकडे तसे ठरवलेले नाही. आणि वाडीत त्याचे नाव आले की कोणत्या घरातली कोणती मुलगी, हे तासाभरात कळते. पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. काही जण तडीपारीचे नाव काढतील. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली ती शक्य आहे, जास्तीत जास्त २ वर्षांसाठी. पण वेश्वीला फेरीबोटीत बसून बागमांडल्याला उतरले की रत्नागिरी जिल्हा संपून रायगड सुरू होतो, आणि तिथल्या शाळेतही मुली असतात.

मला खरी उणीव दिसते ती दुसरीकडे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यावर काय करायचे यावर संसदेने पुष्कळ विचार केला. पहिल्या सुटकेनंतर तो माणूस जिथे राहायला जातो तिथे काय व्हावे, यावर फारसा नाही. तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या अपराधात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याने सुटकेनंतर ५ वर्षांपर्यंत आपला पत्ता आणि पत्त्यातील बदल कळवत राहावा, असा आदेश न्यायालयाला देता येतो. हा आदेश मागण्याचे सरकारी वकिलांच्या बरेचदा लक्षातही येत नाही, म्हणून तुम्ही आठवण करा. पण तोही दुसऱ्या वेळेनंतरचा. तुमचे चुलत दीर ३ वर्षांपूर्वी एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम कोणाचेच नव्हते, आणि त्यांना सावरण्याचेही. ते काम वाडीवर पडले आणि वाडीने ते मुकाट्याने टाळले. त्यात मुलांची रिक्षा त्यांच्या हाती गेली.

फिर्यादीपूर्वी जाऊबाईंशी बोला, पण त्याहीआधी पुतणीशी बोला. तिने तुम्हाला सांगितले ते विश्वासाने. ती गोष्ट तिला न विचारता पोलीस ठाण्यात गेली, असे तिला वाटता कामा नये. माहिती देण्याचे बंधन तिच्या होकारावर अवलंबून नाही, आणि १३ वर्षांच्या मुलीच्या हातून निर्णय असा काढून घेणे मला या कायद्यातले सर्वांत खडबडीत कलम वाटते. म्हणून तिला "जायचे का" असे विचारू नका, कारण त्याला नाही म्हणायची सोय तुम्ही तिला देऊ शकत नाही. कोण येईल, काय विचारेल, जवळ कोण बसलेले तिला चालेल, वडिलांना कोणी सांगायचे, हे तिला विचारा आणि ती सांगेल तसे करा.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या मुलीच्या घरीही एकदा जाऊन या. तिच्या प्रसंगाला त्या वेळचा कायदा लागू होईल, पण तक्रारीची वेळ तिचीही गेलेली नाही, आणि तुम्हाला जे कळले आहे ते पोलिसांना सांगताना तिच्या आईला आधी ठाऊक असलेले बरे. दंड किती घेतला, कोणाकडे भरला, बैठकीला कोण कोण होते, हे तिला आठवत असेल.